फवारणीचा पंप, विहिरीचा काठ आणि पांढरी बुरशी

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाबापासून सर्पदंशापर्यंत अनेक विषयांवर बोललो. आज माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत सांगणार आहे. डॉक्टरने आपली चूक वर्तमानपत्रात सांगावी की नाही, हा विचार दोन आठवडे मनात घोळत होता. पण ही चूक माझ्या एकट्याची नाही. ज्याच्या शेतात विहीर आहे आणि घरात फवारणीचा पंप आहे, अशा पुष्कळांकडून ती रोज होते. म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितो.

२०१७ सालचा पावसाळा यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती. मजूर त्या गच्च झाडीत शिरून वरच्या बाजूला फवारा मारत, आणि तोच फवारा त्यांच्या तोंडावर, छातीवर परत येई. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. दिसेनासे झालेले डोळे, तोंडातून गळणारी लाळ, थरथरणारे हातपाय असे रुग्ण आम्ही त्या दिवसांत पाहिले. त्यानंतर मी गावोगावी एकच सांगत सुटलो : फवारणी झाल्यावर अंग धुवा, कपडे बदला, पंप स्वच्छ करा.

तेच मी आमच्या सालदारांनाही सांगितले. माझे वडिलोपार्जित पाच एकर शेत आहे, त्यात एक जुनी बांधीव विहीर. सालदार माझ्यापेक्षा वयाने मोठे, त्यांना मी दादा म्हणतो. ते, त्यांची पत्नी आणि नात असे तिघे शेतातल्याच घरात राहतात आणि याच विहिरीचे पाणी पितात. मी म्हणालो, "दादा, पंप घरात नेऊ नका. विहिरीवरच धुऊन टाका. अंघोळही तिथेच करा आणि मग घरात जा. पाण्याची काही कमी नाही."

दादांनी माझा शब्द कधी खाली पडू दिलेला नाही. तीन हंगाम त्यांनी पंप विहिरीच्या काठावर धुतला.

गप्पी मासे मेले तेव्हा

२०२० सालच्या सप्टेंबरमध्ये एका सकाळी वहिनींचा निरोप आला. मी गेलो. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पाण्याले औषधाचा वास येऊन राह्यला." विहिरीत वाकून पाहिले, तर पाण्यावर गप्पी मासे उलटे होऊन तरंगत होते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून ते मासे मीच सोडले होते.

आदल्या दिवशी सायपरमेथ्रीनची फवारणी झाली होती. हे औषध माशांना फार विषारी असते. माणसाला काहीच जाणवणार नाही इतक्या अल्प प्रमाणातही मासे मरतात. पंप धुतलेले पाणी काठावरच्या दगडांच्या फटींतून थेट खाली झिरपत होते. चौथरा विहिरीकडेच उतरता होता, ही गोष्ट एवढ्या वर्षांत माझ्या लक्षातच आली नव्हती.

मी पाण्याचा नमुना तपासणीला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला : पिण्यास योग्य. जरा वेळ हायसे वाटले. मग अहवाल नीट वाचला. त्यात क्षार होते, नायट्रेट होते, फ्लोराइड होते, जिवाणूंची तपासणी होती. कीटकनाशकांचा रकानाच नव्हता. पाण्यातले कीटकनाशक शोधायला गॅस क्रोमॅटोग्राफसारखी महागडी यंत्रे लागतात आणि ती तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते. जे तपासलेच नाही, ते अहवालात दिसणार कसे?

वहिनींना गेली दोन वर्षे अधूनमधून डोकेदुखी आणि मळमळ होत असे. ती या पाण्यामुळेच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. डोकेदुखीला शंभर कारणे असतात. पण मी त्यांना दोन वर्षे पित्ताच्या गोळ्या देत होतो आणि "पाणी कुठले पिता?" असे एकदाही विचारले नव्हते, हे मात्र खरे.

त्या दिवसापासून पिण्याचे पाणी गावातल्या नळावरून आणायला सुरुवात केली. पण एक प्रश्न उरलाच. पंप तर धुवावाच लागणार. न धुतलेला पंप घरात ठेवणे हेही धोक्याचेच. मग धुवायचा कुठे? नाल्यावर धुतला तर खालच्या गावचे पाणी बिघडते. बांधावर एकाच जागी रोज धुतला तर ती जागा विषाने माखते आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळे वाहून जाते.

इथे थोडा हिशेब करू. युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरमागे एक मायक्रोग्रॅमचा दहावा भाग इतकी ठरवली आहे. आपल्याकडे बाटलीबंद पाण्यालाही तोच नियम आहे. या हिशेबाने निव्वळ कीटकनाशकाचा एक ग्रॅम एक कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर. औषध मोजताना झाकणातून सांडणारे थेंब, पंपाच्या तळाशी उरलेले पाणी आणि नळीतले पाणी मिळून एवढे सहज भरते. शेतभर पसरलेल्या औषधापेक्षा पंप भरण्या-धुण्याच्या चार हात जागेत विष अधिक दाट साचते, ते यामुळेच.

उत्तर शोधता शोधता मी ज्या गोष्टीपाशी येऊन पोहोचलो, ती आपण रोज पायदळी तुडवतो. ती म्हणजे बुरशी.

लाकूड कुजवणारा कारागीर

पावसाळ्यात शेतात पडलेला लाकडाचा जुना ओंडका उलटून पाहा. खालच्या बाजूला पांढरे, कापसासारखे तंतू दिसतील, आणि लाकूड पांढुरके, रेषारेषांचे, हाताने चुरता येईल असे झालेले असेल. हे काम पांढरी कुज करणाऱ्या बुरशीचे. आपण ज्यांना भूछत्र, अळंबी म्हणतो, पूर्व विदर्भात ज्यांना सात्या म्हणतात, त्याच मोठ्या गोतावळ्यातली ही मंडळी. बाजारात मिळणारी धिंगरी अळंबीही यांच्यातलीच एक.

लाकडाला टणकपणा येतो तो लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे. लिग्निनचा रेणू अवाढव्य आणि वेडावाकडा असतो. त्यात कार्बनची कडी एकमेकांना कशीही जोडलेली असतात. सजीवांच्या शरीरातली बहुतेक एन्झाइम्स कुलूप आणि किल्लीप्रमाणे काम करतात, म्हणजे ठरावीक रेणूला ठरावीक एन्झाइम. लिग्निनला अशी एक किल्ली चालत नाही, कारण त्यातले प्रत्येक कुलूप निराळे. या बुरशीने वेगळी युक्ती काढली आहे. ती किल्ली शोधत बसत नाही, कडीकोयंडाच उखडून काढते. लिग्निन पेरॉक्सिडेज, मँगनीज पेरॉक्सिडेज आणि लॅकेज ही तिची हत्यारे. ती एन्झाइम्स ती आपल्या तंतूंच्या बाहेर सोडते. पेरॉक्सिडेजना जोड मिळते ती हायड्रोजन पेरॉक्साइडची, म्हणजे जखम धुताना फेस येतो त्याच द्रव्याची. यातून जे अतिशय चपळ कण तयार होतात, ते समोर येईल ते कडे फोडत सुटतात.

आता डीडीटी, लिंडेन, एंडोसल्फान यांसारख्या कीटकनाशकांकडे पाहा. यांचे रेणूही कार्बनच्या कड्यांचे आणि सहजासहजी न तुटणारे. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्याच डीडीटीचा टिकाऊपणा शाप ठरला. तो मातीत वर्षानुवर्षे राहतो, प्राण्यांच्या चरबीत साठतो आणि आईच्या दुधातही उतरतो. भारताने १९८९ साली शेतीतला त्याचा वापर बंद केला. पण जमिनीत जे जाऊन बसले, ते बंदीचा हुकूम वाचून निघून जात नाही.

लिग्निन पेरॉक्सिडेजचा शोध १९८३ साली लागला. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातील स्टीव्हन ऑस्ट, जॉन बम्पस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यानंतर एक साधा प्रश्न विचारला : ही बुरशी लिग्निन फोडते, तर असली चिवट विषे फोडील काय? त्यांनी फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम नावाची बुरशी घेतली. डीडीटी, लिंडेन वगैरे पदार्थांतल्या कार्बनला किरणोत्सर्गी खूण केली, म्हणजे तो कुठे जातो हे मोजता यावे. काही दिवसांनी त्या खुणेचा कार्बन कर्बवायूच्या रूपाने बाहेर पडताना सापडला. याचा अर्थ, विष नुसते मातीला चिकटून दिसेनासे झाले नव्हते. त्यातला काही भाग अगदी शेवटपर्यंत, कर्बवायूपर्यंत, मोडला गेला होता. हे संशोधन १९८५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि बुरशीकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

डॉक्टर म्हणून मला आणखी एक गोष्ट मोठी गमतीची वाटली. या बुरशीच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० नावाची एन्झाइम्स विपुल असतात. आपले यकृत औषधे आणि विषे निकामी करते, तेही याच घराण्यातल्या एन्झाइम्सच्या मदतीने. म्हणजे कुजक्या ओंडक्याखाली एक प्रकारे मातीचे यकृतच काम करीत असते.

आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची ट्रायकोडर्माही या कामात मागे नाही. तूर-हरभऱ्याच्या मर रोगासाठी आपण ती बियाण्याला चोळतो. ट्रायकोडर्मा हार्झियानम ही जात एंडोसल्फान फोडू शकते, हे १९९३ साली दाखवले गेले. आपल्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील संशोधकांनीही मातीतल्या अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीकडून एंडोसल्फान आणि मोनोक्रोटोफॉस यांचे विघटन होते, असे दाखवले आहे. एंडोसल्फान म्हणजे केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर विमानातून वर्षानुवर्षे फवारलेले औषध. तिथल्या लोकांच्या आजारांची कहाणी देशभर गाजली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली.

स्वीडनचा साधा खड्डा

प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात झाले, ते शेतात कसे व्हावे? याचे सर्वांत व्यवहारी उत्तर स्वीडनच्या शेतकऱ्यांकडे आहे. त्यांचीही अडचण माझ्यासारखीच होती. पंप भरताना आणि धुताना सांडलेले औषध ओढ्यांत आणि विहिरींत उतरत होते. १९९३ साली तिथे पहिला 'बायोबेड' तयार झाला. नाव मोठे, पण वस्तू म्हणजे एक भरलेला खड्डा.

खड्डा सुमारे दोन फूट खोल. त्यात निम्मा भाग गव्हाचा पेंढा, पाव भाग पीट नावाची कुजकट दलदलीची माती आणि पाव भाग शेतातली वरची माती. तळाशी चिकणमातीचा थर आणि वर गवत. पंप या खड्ड्यावर उभा करूनच भरायचा आणि तिथेच धुवायचा. सांडलेले औषध या मिश्रणात मुरते. पीट आणि माती ते धरून ठेवतात, खाली जाऊ देत नाहीत. पेंढ्यावर पांढऱ्या कुजीची बुरशी वाढते आणि जिवाणूंच्या साथीने ते हळूहळू फोडते. गवत जास्तीचे पाणी उडवते. शिवाय कुठे जास्त औषध सांडले तर तिथले गवत करपते, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते.

बुरशी बाहेरून आणून सोडावी लागत नाही. पेंढा दिला की ती येते. तिला विषाची भूक नसते, भूक असते ती पेंढ्याची. पेंढा खाण्यासाठी ती जी हत्यारे परजते, त्यांच्या तडाख्यात विषही सापडते. म्हणून पेंढा खाली बसला की दरवर्षी नवा घालावा लागतो, आणि काही वर्षांनी सगळे मिश्रण काढून, आणखी कुजवून मग खड्डा नव्याने भरावा लागतो.

दक्षिण स्वीडनमधल्या एका ओढ्याचे पाणी १९९० पासून नियमित तपासले जात आहे. शेतकऱ्यांना औषध नीट हाताळायला शिकवले, भरण्या-धुण्याच्या जागा सुधारल्या, तेव्हा त्या ओढ्यातले कीटकनाशकांचे प्रमाण खूप घटले. आज स्वीडनमध्ये असे हजाराहून अधिक खड्डे आहेत. इंग्लंड, फ्रान्स, इटलीपासून ग्वाटेमालापर्यंत त्याचे निरनिराळे नमुने वापरात आले. जिथे पीट मिळत नाही, तिथे चांगले कुजलेले कंपोस्ट वापरतात.

आपल्या काळ्या मातीत

२०२१ सालच्या उन्हाळ्यात दादांनी आणि मी मिळून असा खड्डा केला. तो म्हणजे काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण आपली जमीन आणि आपला पाऊस पाहून जे बदल करावे लागले, ते सांगतो.

पहिला बदल तळाचा. आपली काळी माती ओली असताना फुगते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. केवळ मातीच्या थरावर विसंबलो तर त्या भेगांतून सगळे खाली जाईल. म्हणून शेततळ्याला वापरतात तसला जाड प्लॅस्टिकचा कागद तळाशी व बाजूंना लावला. दुसरा बदल छपराचा. आपल्याकडे एकाच रात्री चार-चार इंच पाऊस पडतो. उघडा खड्डा भरून वाहिला तर केलेले सगळे पाण्यात. म्हणून वर चार टिनपत्रे टाकली आणि बाजूचे पाणी आत येऊ नये म्हणून भोवती मातीचा वरंबा केला. जागा विहिरीपासून लांब आणि तिच्या उताराच्या खालच्या अंगाला निवडली.

भरण्यासाठी सोयाबीनचे कुटार आणि गव्हांडा मिळून निम्मा भाग, वर्ष-दीड वर्ष मुरलेले कंपोस्ट पाव भाग आणि शेतातली माती पाव भाग. पऱ्हाटीचे बारीक तुकडेही घातले, कारण त्यात लिग्निन भरपूर. धिंगरी अळंबी काढणाऱ्या एका ओळखीच्या बचत गटाकडून वापरून झालेल्या पिशव्यांतला भुसा आणला. तो बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी भरलेला असतो आणि एरवी उकिरड्यावर जातो. सगळे ओले करून महिनाभर तसेच ठेवले आणि मगच वापरायला काढले. ताजे शेण किंवा युरिया मात्र घातला नाही. फॅनेरोकीटीसारखी बुरशी नत्राचा तुटवडा असेल तेव्हाच ही एन्झाइम्स जोमाने तयार करते. पोटभर नत्र मिळाले की तिचे हात आखडतात.

उष्णतेची मला काळजी वाटत होती. पण ही बुरशी चाळीस अंशांच्या आसपासही चांगली वाढते. आपल्या उन्हाळ्यात तिला मारतो तो कोरडेपणा. मूठभर मिश्रण दाबले तर हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये, एवढा ओलावा ठेवायचा. वहिनी आठवड्यातून दोनदा झारीने पाणी शिंपडतात.

खड्ड्याभोवती काटेरी कुंपण घातले, तेही महत्त्वाचे. वर गवत दिसले की बैल तोंड घालणार. ते गवत जनावरांना द्यायचे नाही. आणि कधी त्यात भूछत्रे उगवली, तर ती किती का देखणी असेनात, खायची नाहीत. बुरशी काही विषे, विशेषतः जड धातू, आपल्या अंगात साठवते.

बुरशीच्या मर्यादा

एवढे वाचून "आता बुरशी आहे, मग कितीही फवारा" असे कोणी म्हणू नये. तिच्या मर्यादा स्पष्ट आहेत.

ती धुण्याचे पातळ पाणी पचवते, बाटलीतले दाट औषध नव्हे. उरलेली बाटली खड्ड्यात ओतली तर बुरशीच मरते. बुरशीनाशकाचे पाणी वरचेवर पडले तरी ती मंदावते. तांबेयुक्त औषधातले तांबे तर कुणालाच फोडता येत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. ते तिथेच साचत जाते.

प्रत्येक विष अर्ध्यावर मोडले म्हणजे निरुपद्रवी झाले, असेही नाही. एंडोसल्फानपासून आधी एंडोसल्फान सल्फेट बनते आणि ते मूळ औषधाइतकेच विषारी असते. डीडीटीपासून बनणारा डीडीई हा पदार्थ तर फारच चिवट. म्हणून या खड्ड्याला अवधी द्यावा लागतो. हे काम आठवड्यांचे आणि महिन्यांचे आहे.

पाच एकर शेतात पसरलेले विष हा खड्डा काढत नाही, आणि विहिरीत उतरलेले तर नाहीच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसाच्या शरीरात गेलेल्या विषावर तिचा काडीचाही उपयोग नाही. कुणी अळंबीचा काढा विषबाधेवर उतारा म्हणून सांगेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

म्हणून खड्डा असो वा नसो, पुढील गोष्टी पाळाव्यात.

एक, विहीर, हातपंप, नाला यांच्याजवळ पंप भरू नये आणि धुऊही नये. पाणी बादलीने लांब न्यावे.

दोन, लागेल तेवढेच औषध कालवावे. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, म्हणजे ते पिकावर जाईल. पंप धुतलेले पहिले पाणी त्याच पिकाच्या न फवारलेल्या कडेला फवारून टाकावे.

तीन, रिकामे डबे तेल, पाणी, रॉकेल ठेवायला कधीही वापरू नयेत. भोके पाडून निकामी करावेत.

चार, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आणि भर उन्हात फवारणी करू नये. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा असावा. बाटलीवरच्या चौकोनातला रंग पाहावा. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी ते विषच, हे विसरू नये.

पाच, फवारणी करताना घाम फार सुटणे, लाळ गळणे, मळमळ, अंधूक दिसणे, छातीत घरघर, स्नायू फडफडणे यांपैकी काहीही जाणवले तर काम तिथेच थांबवावे. रुग्णाला मोकळ्या हवेत न्यावे, कपडे काढून साबणाने अंग व केस धुवावेत. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. उलटी करवू नये. दूध, तूप, ताक, मिठाचे पाणी यांपैकी काहीही पाजू नये. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी. अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन काही विषांवर जीव वाचवते, पण प्रत्येक विषावर ते चालत नाही. बाटली पाहिली की डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.

शेवटी

विहिरीचा आम्ही पूर्ण उपसा केला. ते पाणी नाल्यात न सोडता पडीक तुकड्यावर थोडे थोडे पसरवले. चौथऱ्याच्या फटी बुजवून उतार बाहेरच्या बाजूला काढला. दोन पावसाळे गेल्यावर पुन्हा गप्पी मासे सोडले. ते जगले, आता त्यांची पिल्लेही दिसतात.

परवा वहिनींनी विचारले, "मासोळ्या जगल्या, आता पाणी पेवाले काय हरकत आहे?" मी नाही म्हणालो. मासे जगले म्हणजे विष पुष्कळ कमी झाले, एवढेच. ते पाणी भांड्यांना, कपड्यांना वापरा, प्यायला नको. कीटकनाशकांची स्वतंत्र तपासणी करून घेईन, तिचा कागद हातात येऊ द्या, मग पाहू. अर्धवट अहवालावर विश्वास ठेवण्याची चूक मी एकदा केली आहे.

दवाखान्यातही माझी एक सवय बदलली आहे. फवारणीच्या दिवसांत डोके दुखते म्हणून कुणी आला की ताप, रक्तदाब पाहून झाल्यावर मी त्याला दोन प्रश्न विचारतो : पाणी कुठले पिता, आणि पंप कुठे धुता? पुष्कळ वेळा दोन्हींचे उत्तर एकच असते. वाचकहो, आज संध्याकाळी आपल्या घरी हे दोन प्रश्न विचारून पाहा. उत्तर एकच आले, तर पुढची फवारणी करण्याआधी धुण्याची जागा बदला.